खटका

तुझा प्रश्न मी फोनवर दोनदा ऐकून घेतला. “काका, हरीण समोर आलं, मी सेफ्टी काढली, टक् झालं आणि ते गेलं. या वर्षी मचाणावर चढून बसलो की आधीच काढून ठेवू का?” मी “नाही” म्हणालो आणि फोन ठेवला, कारण तुझी काकू जेवायला तिसरी हाक मारत होती. पण नुसत्या नाहीवर तुझं समाधान व्हायचं नाही. लहानपणी तुझ्या बापाचंही होत नसे. म्हणून सवडीने लिहितोय.

आमच्या घरी बंदूक होती हे तुला ऐकून माहीत असेल. रत्नागिरीकडच्या आपल्या गावात आजोबांकडे शेतीच्या राखणीची, परवान्याची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की रानडुकरं खाचरात उतरायची आणि एका रात्रीत वर्षाचं पोट उकरून जायची. त्या बंदुकीला सेफ्टी म्हणून वेगळं काही नव्हतंच. नळीत दारू आणि छर्रे ठासलेले, मागे घोडा, आणि घोड्याखालच्या बोंडीवर बसवायची ती तांब्याची इवलीशी केप. घोडा अर्ध्यावर ओढून ठेवला की चाप ओढूनही पडत नाही असा नियम. पण आजोबांचा त्या अर्ध्या घोड्यावर काडीचा विश्वास नव्हता. केप त्यांच्या कमरेच्या चंचीत, पानसुपारीच्या बाजूच्या कप्प्यात असे. माळ्यावर चढून, बसून, नळी खाचराकडे झाली की मगच केप बोंडीवर. उतरायच्या आधी पुन्हा चंचीत. मी एकदा विचारलं, “डुक्कर आलं आणि केप बसवताना पळालं तर?” ते म्हणाले, “पळू दे की मेल्या. उद्या येईल. तू उद्या कुठून येशील?”

तिकडे 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि शिकारीचा विषय हळूहळू संपला, आणि माझ्या मते ते बरंच झालं. मी 1976 साली इकडे विस्कॉन्सिनला आलो. शेजारी एक नॉर्वेजियन वंशाचा म्हातारा शेतकरी होता. त्याने मला पहिल्यांदा हरणाच्या हंगामाला नेलं. रायफल कशी धरायची ते त्याने शिकवलं, पण त्याचं निम्मं आजोबांनी आधीच शिकवून ठेवलं होतं.

तुझ्या रायफलकडे वळू. हंटर एज्युकेशनच्या वर्गात तुला ‘टॅब-के’ पाठ करून घेतलं असेल: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, नेम कशावर आणि त्याच्या पलीकडे काय हे पक्कं माहीत हवं, आणि झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर. मला तो वर्ग कायद्याने सक्तीचा नव्हता. 1 जानेवारी 1973 च्या आधी जन्मलेल्यांना इथे सूट आहे. तरी मी पोराटोरांच्या बाकावर बसून केला. चारही नियम नीट बघ, त्यात सेफ्टीचं नावसुद्धा नाही. ते विसरलेले नाहीत. सेफ्टी, म्हणजे आपला खटका, हा यंत्राचा भाग आहे आणि यंत्र कधी ना कधी दगा देतं, म्हणून नियम माणसाच्या हातावर आणि नजरेवर बसवलेत. खटका त्यांच्यानंतर येतो.

हे तुला पटायचं तर खटका आत काय करतो ते समजून घे. बऱ्याच रायफलींमध्ये तो फक्त चापाला किंवा त्याच्या आतल्या अडकणीला धरतो. फायरिंग पिन तशीच ताणलेल्या स्प्रिंगवर बसलेली असते. काही जुन्या, दणकट रचनांमध्ये तो थेट पिनेलाच मागे धरून ठेवतो. 1898 च्या माउझरला बोल्टच्या शेपटीवर पंखासारखी पात असते. डावीकडे पडली की रायफल झाडायला मोकळी, उभी केली की पिन अडकलेली पण बोल्ट उघडता येतो, उजवीकडे पाडली की दोन्ही बंद. विंचेस्टरने 1936 मध्ये मॉडेल 70 काढली, तीतही तीन जागा आहेत, फक्त पात आडवी मागेपुढे फिरते. मधल्या जागेचं महत्त्व काय, तर काडतूस काढताना खटका काढावा लागत नाही. तुझी रायफल दोन जागांची आहे. तुझ्या रायफलचा बोल्ट खटका लावलेला असताना उघडतो की नाही, हे तू घरी, रिकाम्या रायफलवर बघून ठेव. उघडत नसेल तर रोज संध्याकाळी रायफल रिकामी करताना तुला खटका काढावाच लागणार, आणि दिवसभरातला सगळ्यात धोक्याचा क्षण तोच. थकलेला असतोस, बोटं गारठलेली, डोक्यात घर. त्या वेळी नळीचं तोंड कुठे आहे एवढंच बघायचं.

हंगामाच्या आधी एक तपासणी कर. रायफल रिकामी. चेंबरमध्ये डोळ्याने बघ, मग करंगळी घालून बघ. काडतुसं दुसऱ्या खोलीत. बोल्ट बंद कर, खटका लाव, चाप नेहमीपेक्षा जरा जोराने ओढ. काही होता कामा नये. चाप सोड, बोट बाहेर काढ. आता नुसता खटका काढ. चापाला हात न लावता आत टक्कन पिन पडल्याचा आवाज आला, तर ती रायफल त्या वर्षी रानात जाणार नाही, बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे जाईल. खटका लावून कोणीतरी चाप ओढला होता आणि काढताक्षणी बार झाला, असं घडतं ते याच दोषामुळे.

आता तुझा आवाज.

खटक्याला दोन्ही टोकांना एक खोबण असते आणि स्प्रिंगवरची छोटी गोळी त्या खोबणीत पडते. आवाज तिचा. तू अंगठ्याने पात पुढे ढकलतोस, अर्ध्यावरून ती आपल्या जोराने उडी मारते आणि टोकाला आपटते. ती उडी तू मारू द्यायची नाहीस. पात अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धर. अंगठा मागून ढकलतो, तर्जनीचं पेर पुढून अडवतं. दोघांची ओढाताण चालू असताना पात सरकली पाहिजे, जशी तुझी आजी तान्ह्या बाळाच्या खोलीच्या दाराची कडी काढायची तशी. खोबणीत गोळी उतरताना बोटाला हलकासा ठोका कळतो, कानाला काही कळत नाही. टोकापर्यंत गेली ना, हे बोटाने पुन्हा एकदा दाबून बघ. अर्धवट राहिलेला खटका हा लावलेला नाही आणि काढलेलाही नाही. मी एका मित्राला अशा अर्धवट खटक्यावर चाप ओढताना पाहिलंय. हरीण उभं राहिलं, तो घामाघूम झाला, आणि काहीच झालं नाही. उलट दिशेने असंच झालं असतं तर?

चिमटीसाठी तर्जनी वापरायची म्हणजे ती आपोआप चापापासून लांब राहते, हा यातला फुकटचा फायदा आहे. एकट्या अंगठ्याने खटका काढणाऱ्यांची तर्जनी तोवर चापात जाऊन बसलेली असते. रानात जाणाऱ्या कोणाचाही हात बघ, दहातल्या सहांचं असंच होतं. तुझंही होतं, मी गेल्या वर्षी निशाणबाजीच्या मैदानावर पाहिलं, पण तुझे मित्र होते म्हणून बोललो नाही.

इतरांच्या बंदुका तुझ्या हातात येतील म्हणून तेही सांगतो. चापाच्या मागे आरपार बटण असलेल्या बंदुका असतात. तिथे अंगठा एका बाजूला, बोटाचं टोक दुसऱ्या बाजूला ठेवून बटण पिळून काढल्यासारखं सरकवायचं. डावखुऱ्या माणसाची बंदूक असेल तर बटण उलटं बसवलेलं असू शकतं, लाल कडा कुठे आहे ते डोळ्याने बघ. दस्त्याच्या मानेवर सरकती पट्टी असेल तर अंगठा आधी खाली दाबायचा आणि मग पुढे घ्यायचा. लिव्हर ओढायच्या जुन्या .30-30 मध्ये खटकाच नसतो, आजोबांसारखा अर्धा घोडा असतो. घोडा पूर्ण ओढताना टकटक होऊ नये म्हणून काहीजण चाप दाबून धरून घोडा मागे ओढतात आणि मग आधी चाप सोडून घोडा हलकेच जागेवर बसवतात. आवाज खरोखर होत नाही. पण हे करताना चाप दाबलेला आहे, खाली काडतूस आहे आणि दोघांच्या मध्ये आहे तुझा गारठलेला अंगठा. तो घसरला की बार. मी हे करत नाही, तूही करू नकोस. टक् झालं तर होऊ दे.

हरणाला तो टक् इतका का लागतो? पान पडतं, फांदी मोडते, खार दिवसभर पाचोळ्यात खसबसते, हरीण कान हलवून पुन्हा चरायला लागतं. रानात लाकडाचे आवाज असतात, धातूचा आवाज नसतो. त्याचे दोन्ही कान वेगवेगळे फिरतात आणि आपल्यापेक्षा उंच पट्टीतलं त्यांना ऐकू येतं. थंडगार, वारा पडलेल्या पहाटे पन्नास पावलांवर तो टक् म्हणजे देवळात भांडं पडावं तसा. म्हणून चिमटी हा अर्धा उपाय, उरलेला अर्धा वेळ निवडण्याचा आहे. हरणाचं डोकं झाडामागे जाऊ दे. वाऱ्याची झुळूक येऊ दे, ओकची वाळलेली पानं सळसळली की त्या सळसळीत उरकून घे. कावळा ओरडला, दूर हायवेवर ट्रकने गिअर बदलला, ते चालतं. हरीण चरायला मान खाली घालतं आणि एकदम वर करतं, तो त्याचा कावा आहे. पहिल्यांदा मान खाली गेली की हलू नकोस, दुसऱ्यांदा गेली की हल.

यातलं काहीच नाही जमलं तर हरीण जाईल. जाऊ दे.

आता “आधीच काढून ठेवू का” याकडे येतो. तुला वाटतं, मचाणावर मी एकटाच, नळी रानाकडे, खटका काढला काय न काढला काय. पण मचाणावर माणूस पुतळ्यासारखा बसत नाही. तो थर्मास उघडतो, पाय बदलतो, नाक पुसतो, डुलकी घेतो. जाड कोटाची कड, हातमोज्याचं टोक, पट्ट्याची कडी यांतली कुठलीही गोष्ट चापात शिरू शकते. आणि रानात दुसरा शिकारीही असतो. तो दोनशे पावलांवर तुझ्या नळीसमोर असू शकतो आणि त्यालाही वाटत असतं की तो एकटाच आहे. म्हणून क्रम असा: रायफल खांद्याला, गाल दस्त्यावर, दुर्बिणीत हरीण, ते हरीणच आहे याची खात्री, त्याच्या मागे माती किंवा टेकाड आहे याची खात्री, झाडायचं असं ठरलं, मग खटका, मग चाप. रायफलच्या दुर्बिणीतून माणूस ओळखायचा नाही, त्यासाठी गळ्यात वेगळी दुर्बीण ठेव. रायफलची दुर्बीण ज्याच्याकडे वळली त्याच्याकडे नळीही वळली.

आणि आता उलटा क्रम, जो कोणी शिकवत नाही. झाडलं नाहीस, तर आधी बोट चापाबाहेर, मग खटका परत, मग गाल उचलायचा. या परत लावण्याला आवाज झाला तरी हरकत नाही, चक्क वाजू दे.

हे मी कसं शिकलो ते तुझ्या काकूलाही अजून पूर्ण माहीत नाही. 1987 चा हंगाम, पहिलाच शनिवार, थँक्सगिव्हिंगच्या आधीचा. सकाळी एक मादी आणि तिचं पिल्लू टेकडीच्या माथ्यावर येऊन उभं राहिलं. मी खटका काढला. मग दिसलं की त्यांच्या मागे नुसतं आकाश आहे. .30-06 ची गोळी मैलभर सहज जाते आणि टेकडीपलीकडे कोणाचं गोठ्याचं छप्पर होतं. मी चाप सोडला. ती दोघं निघून गेली आणि मी स्वतःच्या शहाणपणावर इतका खूश झालो की तासभर तेच चघळत बसलो. दुपारी परत निघालो. काटेरी तारेच्या कुंपणाशी शेजारचा तो म्हातारा उभा होता. आमची पद्धत ठरलेली, एकजण दोन्ही रायफली धरणार, दुसरा तार ओलांडणार. मी माझी पुढे केली. भरलेली. कुंपणाआधी रिकामी करायची हेही विसरलो होतो. त्याने घेतली, खाली बघितलं आणि थांबला. पात पुढे होती. त्याने नळी आकाशाकडे केली, बोल्ट उघडला, काडतूस बर्फात पडलं. ते उचललं, कोटाला पुसलं आणि स्वतःच्या खिशात टाकलं. एक शब्द नाही. मग सगळ्यांना जागा वाटून झाल्यावर मला म्हणाला, “तू हाका कर.” रायफलशिवाय, हातात काठी घेऊन, मी चार तास दलदलीतून झाडं बडवत चाललो. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या कॉफीच्या कपाशेजारी ते काडतूस उभं ठेवलेलं होतं.

ते अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. कधीच झाडलं नाही.

कुंपणाचं तुला वेगळं सांगायला नको. मचाणाचं सांगतो, कारण गेल्या वर्षी तू रायफल पाठीवर टाकून शिडी चढलास असं ऐकलं. दोरी बांध. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, दोरी पट्ट्याला किंवा दस्त्याला, चापाच्या कड्याला कधीच नाही. तू वर जाऊन स्वतःचा पट्टा बांधून बसलास की मग ओढून घे, नळीचं तोंड तुझ्यापासून लांब. वर आल्यावर नळीत बर्फ किंवा चिखल शिरला नाही ना, ते बोल्ट काढून मागच्या बाजूने बघ, तोंडाकडून नव्हे. मग भर. बोल्टचा आवाज खटक्याच्या दसपट असतो, म्हणून तो अंधुक उजेडात, कायद्याची वेळ सुरू झाली की लगेच, हरणं अजून लांब असताना उरकायचा. हळू सरकवायचा, पण शेवटपर्यंत खाली पाडायचा. अर्ध्यावर घाबरून मागे ओढलास तर तुझ्या रायफलीत पहिलं काडतूस पुढेच राहील आणि दुसरं त्याच्या पाठीत शिरेल. त्या गुंत्याचा आवाज तालुक्याला ऐकू जातो.

थंडीचं राहिलं. पुण्याहून आलेली माणसं बंदुकीला शिलाई मशीनसारखं तेल पाजतात. शून्य फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या उणे अठराला, ते तेल काकवीसारखं होतं. खटका जड चालतो, मग तू जोर लावतोस आणि जोर लावला की वाजतोच. हंगामाआधी जुनं तेल पुसून काढ, खटक्याच्या सांध्यात ग्राफाइटची चिमूटभर पूड पुरते. गार रायफल तापलेल्या केबिनमध्ये आणू नकोस, तिला घाम फुटतो आणि तोच घाम सकाळी खटक्यात गोठतो. थंड व्हरांड्यात कुलपात राहू दे, रिकामी. हातमोजे दोन थरांचे घे, आतला पातळ, आणि सगळा सराव त्या आतल्या मोज्यावर कर. उघड्या हाताने शिकलेली चिमटी मोजा चढवला की आंधळी होते.

आणि हो, खोबण कानशीने घासून खटका मऊ करून देतो असं सांगणारा कोणी भेटेल. दर मैदानावर एक असतो. त्याच्याकडे बघून हस आणि रायफल पेटीत घाल. खोबण घासली की कोटाच्या अस्तराला घासूनसुद्धा खटका निघतो.

शुक्रवारी संध्याकाळी ये. रायफल रिकामी आण, काडतुसं गाडीत ठेव. तळघरात, मागे माती असलेल्या भिंतीकडे नळी करून तू बसशील. तो पातळ मोजा घालून वीस वेळा खटका काढायचा आणि लावायचा, काढताना चिमटीत, लावताना खुशाल वाजवत. मी दुसऱ्या टोकाला डोळे मिटून बसेन आणि काढलेले किती ऐकू आले ते मोजेन. माझे कान आता पूर्वीसारखे नाहीत, म्हणून काकूलाही बसवणार आहे. तिला स्वयंपाकघरातून फ्रिजचं दार उघडलेलं ऐकू येतं.